अक्षता पडेपर्यंत

लढाई कारगिलच्या डोंगरांत चालली होती आणि इकडे बंगळुरात, इंदिरानगरातल्या आमच्या संस्थेच्या गॅरेजात, जुन्या स्वेटरांचा ढीग खिडकीच्या वर गेला होता. आमच्या शहराला थंडी म्हणजे काय ते माहीत नाही. ते स्वेटर घालून लालबागेत फिरायला जाणंसुद्धा अवघड, मग बर्फात उभं राहणं दूरच. डांबरगोळ्यांचा वास मारणारे, कोपरांत विरलेले, काही तर मुलांच्या शाळेचे, बिल्ल्यासकट. एका बाईंनी परकर पाठवले होते, धुऊन, इस्त्री करून, जखमांना बांधायला उपयोगी पडतील म्हणून. देशासाठी त्याग करायचा तर आधी घरातला माळा साफ करावा, असं त्या उन्हाळ्यात सगळ्या शहराने ठरवलं होतं. रोज सकाळी मी तो ढीग निवडत बसायचे आणि त्यातलं बहुतेक सगळं मागच्या दाराने भंगारवाल्याकडे जायचं. देणाऱ्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांना पावती हवी असायची, आणि पेपरवाला आलेला असला तर फोटो.

दुपारनंतर माझं खरं काम सुरू व्हायचं. एरवी आमची संस्था नवऱ्याच्या माराला कंटाळून आलेल्या बायकांचं बघायची. लढाई सुरू झाली आणि मला नवं काम मिळालं: छावणीत क्वार्टर न मिळाल्यामुळे बाहेर भाड्याने राहणाऱ्या जवानांच्या बायकांना भेटायचं. दोमलूर, नीलसंद्रा, ईजीपुरा, असा माझा फेरा. नवरा अचानक उत्तरेला निघून गेलेला, आणि गच्चीवरच्या खोलीत एक बाई, एक स्टोव्ह, आणि कन्नडचा एक शब्द येईल तर शपथ. मला कन्नड येतं, कारण आमचं घराणं किती पिढ्यांपूर्वी इथं आलं ते आमचं आम्हालाच ठाऊक नाही. मराठी येतं, कारण आईने घरात दुसरं काही बोलू दिलं नाही. म्हणून महाराष्ट्रातल्या आणि बेळगावकडच्या सगळ्या बायका माझ्या वाट्याला आल्या. त्यांच्यासाठी मी गॅसच्या दुकानात भांडायचे, दवाखान्याच्या रांगेत उभी राहायचे, मुलांच्या शाळेच्या पायऱ्या झिजवायचे. ह्यात वीररस अजिबात नव्हता.

माझा मुख्य शत्रू होता टीव्ही. लढाई अशी घरोघर दिसायची ती पहिलीच खेप. घरमालकाचं कुटुंब हॉलमध्ये चहा-बिस्किटं घेऊन तोफा बघायचं, आणि भाडेकरू जवानाची बायको उंबऱ्यापाशी बसून त्याच तोफा बघायची. तोफ उडाली की मुलं टाळ्या वाजवायची. मी प्रत्येकीला सांगायचे, दिवसभर बघत बसू नकोस. एकीनेही ऐकलं नाही, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही ऐकलं नसतं.

पुण्या-मुंबईहून सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांसाठी आलेल्या मराठी मंडळींपैकी एकाचा एकदा फोन आला. देशभक्तीच्या गाण्यांचा कार्यक्रम ठेवला होता त्यांनी. "मॅडम, एखादी वीरपत्नी मिळेल का स्टेजवर बसवायला? जरा बरं बोलणारी असली तर बेटर." मी म्हटलं, सध्या माझ्याकडच्या सगळ्यांचे नवरे जिवंत आहेत, काही झालं तर कळवते. त्याने "ओके, थँक्स" म्हणून फोन ठेवला. मला वाटतं, त्याने ते खरोखरच कुठेतरी टिपून ठेवलं असावं.

आमच्या कामाची एक पद्धत होती आणि ती मी कुणाला मोडू देत नसे. वाईट बातमी आधी तिला. सासऱ्याला नाही, दिराला नाही, घरमालकाला तर नाहीच. दोघींनी जायचं, उजेडी जायचं, तिला खाली बसवायचं आणि पहिल्याच वाक्यात सांगून टाकायचं. "जरा लागलंय", "दवाखान्यात ठेवलंय" असली वळणं घ्यायची नाहीत, कारण प्रत्येक वळणावर ती बाई आपला चेहरा वाचत असते. लष्कराच्या कचेरीशी तसं ठरलं होतं: बायको बंगळुरात असेल तर त्यांचा माणूस आधी ती घरी आहे का बघून येणार आणि मग आम्हाला घेऊन पुन्हा जाणार. आमच्या समाजातल्या लोकांना ही पद्धत राक्षसी वाटायची. आपल्यात मेल्याची बातमी आधी सगळ्या गल्लीला कळते आणि जिचं माणूस गेलं तिला सगळ्यांत शेवटी. ह्याला माया म्हणतात.

त्या बायकांत निपाणीकडची एक मुलगी होती. मुलगीच म्हणते, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. नवऱ्याची नेमणूक बंगळुरात झाली तेव्हा तो तिला घेऊन आला, दोमलूरच्या मागच्या बाजूला एका घराच्या गच्चीवर खोली घेतली, आणि मे महिन्यात त्याची पलटण उचलून काश्मीरला नेली. ती गावी गेली नाही. होसूर रोडवरच्या एका कपड्यांच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवायची नोकरी तिने नुकतीच धरली होती. "ते आलं की हितंच येणार," ती म्हणायची. "मग मी तिकडं जाऊन करू काय?" हसरी होती, आणि बोलताना समोरच्याच्या हातावर टाळी द्यायची सवय होती तिला. मला अक्का म्हणायची.

दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत तिने मला लग्नाचा अल्बम दाखवला. हळदीच्या फोटोपाशी थांबून म्हणाली, "ह्यात मी हसतीया बघा. आन् त्याच दिवशी सकाळी माजी आत्या गेली हुती."

आई लवकर गेली म्हणून ह्या आत्यानेच तिला वाढवलं होतं. लग्नाच्या आठवड्यात आत्या दवाखान्यात होती. हळदीच्या सकाळी ती गेली, दुपारी तिला जाळलीसुद्धा, आणि घरात देवक बसलंय, मांडव पडलाय, म्हणून नवरीला कुणी काही सांगितलं नाही. अक्षता पडल्या, वरात गेली, सत्यनारायण झाला. मांडवपरतणीला ती माहेरी आली तेव्हा तिला सांगितलं.

"गेली त्याचं न्हाई एवढं," ती म्हणाली. "वय झालं हुतं. पर सगळ्यास्नी ठावं हुतं अक्का. वाजंत्र्याला बी ठावं हुतं. आन् मी येडी आपली नाचतीया." तिने अल्बम मिटला. "ह्यांचं काय बी आलं, तर मला लपवू नगासा. पयल्यांदा मला सांगा. मला त्यांचं तोंड बघू द्या."

मी शब्द दिला. आधी तुला, म्हणाले. तिने माझ्या हातावर टाळी दिली, पण ह्या वेळी हसली नाही.

आता तिच्या घरमालकाविषयी. ते आमच्याच समाजातले, माझ्या वडिलांच्या उठण्या-बसण्यातले. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले, गोरेपान, धोतर स्वच्छ, देवपूजा तास तासभर. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, मीही म्हणायचे. लढाई सुरू झाल्याबरोबर त्यांनी फाटकावर तिरंगा लावला आणि समाजाच्या मंडळात जवानांसाठीच्या मदतीचं काम अंगावर घेतलं. ते मला तंगी म्हणायचे, म्हणजे कन्नडात धाकटी बहीण. एरवी मी त्यांना फारशी दिसत नसे, चाळिशीला आलेली बिनलग्नाची बाई आमच्या समाजात कुणालाच दिसत नाही, पण त्या दिवसांत माझी ओळख उपयोगाची होती. "तंगी, वरची पोरगी म्हणजे आमची लेकच बघ," ते दर भेटीत म्हणायचे. फोन त्यांच्याच हॉलमध्ये होता. पलटणीच्या कागदांवर तिचा पत्ता म्हणून त्यांचाच पत्ता आणि त्यांचाच नंबर होता. तिला आलेला प्रत्येक निरोप त्यांच्याकडून वर जायचा.

त्यांच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला आणि सगळी लग्नं अडून बसली. अधिक सरला तशी निज ज्येष्ठात मुहूर्तांची एकच झुंबड उडाली. हा मुहूर्त हुकला की पुढे आषाढ, मग चातुर्मास, आणि नवरामुलगा तर ऑगस्टात अमेरिकेला जायचा होता. अण्णांचा जीव टांगणीला लागला होता. पोटची पोर उजवायची म्हणजे बाप असाच होतो, त्याबद्दल मी त्यांना बोल लावत नाही.

एक दिवस त्यांनी हॉलमध्ये पाचपन्नास पाहुण्यांसमोर जाहीर केलं, हळदीला ज्या पाच सवाष्णी बसतील त्यांत वरची जवानाची बायको बसणार. "देशाची सवाष्ण!" म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या पोरीला असा काही आनंद झाला की विचारू नका. ह्या परक्या शहरात पहिल्यांदाच तिला कुणीतरी पाट मांडून बसवणार होतं. तिने कारखान्यातून रजा घेतली. घरात कासार आला तेव्हा घरच्या बायकांबरोबर तिनेही हिरवा चुडा भरला, आणि मी गेले तेव्हा दोन्ही हात पुढे करून दाखवला.

हळदीच्या दिवशी मी जरा उशिराच पोचले, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मांडवात नवरीला हळद लागत होती. पाच सवाष्णी ओळीने बसल्या होत्या आणि त्यांत ती नव्हती. आमच्या समाजात कितीतरी हळदी झाल्या, त्या ओळीत मला कधी कुणी बसवलं नाही, बसवणारही नाही, त्यामुळे ओळीकडे लांबून बघायची मला चांगली सवय आहे. मधल्या पाटावर अण्णांची एक भाची होती, घाईघाईने नेसल्यासारखी साडी.

ती मला स्वयंपाकघरात सापडली. नवी साडी, हातभर चुडा, आणि पुढ्यात उकडलेल्या बटाट्यांचं घमेलं.

"बसले हुते पाटावर," ती बटाटे सोलता सोलता म्हणाली. "मालकीणबाई आल्या आन् म्हनाल्या, जरा आत ये गं, मदत लागतीया. मग त्या भाचीला बसवलं. असू द्या अक्का. हितं बी माणूस लागतंयच की."

मी मालकीणबाईंना गाठून विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "व्याह्यांकडच्यांचं म्हणणं पडलं, पाचही आपल्यातल्याच हव्यात," एवढं म्हणून त्या तबक घेऊन निघून गेल्या. माझं डोकंच फिरलं. मनात म्हटलं, भाडेकरू ती शेवटी भाडेकरूच, लेक म्हणायला काही पैसे पडत नाहीत. मी रागारागाने हळदीचं जेवण न जेवता घरी आले. मला वाटलं, त्यांच्या हलकेपणाचा तळ मी पाहिला.

दुसऱ्या दिवशी कल्याण मंडपात अक्षतांना गेले. ती नवरीच्या मागे उभी होती. मंगलाष्टकं संपली, वाजंत्री वाजली, तिने मूठभर अक्षता इतक्या जोरात फेकल्या की पुढच्या बाईच्या अंबाड्यात जाऊन पडल्या, आणि मग दोघीही हसत सुटल्या. पंगतीला बसताना मला हाक मारून तिने शेजारी जागा धरली. बुंदीचा लाडू तिने दोनदा मागून घेतला. मला म्हणाली, ते आले की त्यांना सांगते, बंगळूरचं लग्न कसं असतंय ते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी लष्कराच्या कचेरीत गेले होते, दुसऱ्याच एका बाईच्या मुलाच्या शाळेच्या कामासाठी. तिथले वयस्कर सुभेदार मला ओळखायचे. त्यांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "मॅडम, आपकी वो मराठी बच्चीवाला काम कल हो गया. गाँव में. बहुत पब्लिक आयी थी."

मी विचारलं, कुठली मुलगी?

त्यांनी निपाणीकडचं ते गाव सांगितलं. मी म्हटलं, ती तर इथं आहे, काल माझ्या शेजारी बसून जेवली. सुभेदारांनी हातातलं पेन खाली ठेवलं. हळदीच्या दिवशी दुपारी त्यांचा हवालदार मोटरसायकलवरून त्या घरी गेला होता. फाटकापाशीच मालक भेटले, त्यांनी खोदून विचारलं आणि हवालदाराच्या तोंडून बातमी निघून गेली. ते म्हणाले, ती आज सकाळीच गावी गेली सासू-सासऱ्यांकडे. बायको गावी गेली म्हटल्यावर आमच्याकडे यायचं कारणच उरलं नाही. कचेरीने गावी कळवलं: मुलगा गेला, पेटी उद्या पोचेल, सून वाटेत आहे.

त्या दुपारी तिला सांगितलं असतं तर संध्याकाळच्या बसने ती दुसऱ्या दिवशी उजाडता गावात असती. पेटी आली दुपारी. मी त्या खुर्चीवर बसून एवढंच पुन्हा पुन्हा मांडत राहिले, जणू हिशेब नीट मांडला की उत्तर बदलणार होतं.

पद्धत म्हणजे पद्धत. मी संस्थेत जाऊन सहकारिणीला घेतलं, दोघी रिक्षाने गेलो. ती गच्चीवर लग्नघरचे टॉवेल वाळत घालत होती. मी तिला खोलीत बसवलं आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं. दुसऱ्या वाक्यात सांगितलं की काल गावी अग्नी दिला.

ती रडली नाही. माझ्या तोंडाकडे बघत तिने विचारलं, "हितं कवा कळलं?"

"परवा दुपारी. खाली, अण्णांना."

"परवा दुपारी," ती म्हणाली. आणि मग, मी एवढं शिकलेली, बायकांची मनं ओळखण्याचा पगार घेणारी, मला जे अजून सुचलं नव्हतं ते तिने बोलून दाखवलं. "म्हणून मला पाटावरनं उठवलं व्हय."

आम्ही खाली गेलो. हॉलमध्ये कोमेजलेल्या हारांचा वास भरून राहिला होता. कोपऱ्यातल्या टेबलावर उरलेल्या अक्षतांची परात होती. अण्णा आरामखुर्चीत बसले होते, पाय सुजलेले. मला बघून त्यांना कळलं, पण ते ओशाळले वगैरे काही नाहीत. ओशाळले असते तर मला त्यांच्याशी बोलणं सोपं गेलं असतं.

"तंगी, बस," ते म्हणाले. "मी आज सांगणारच होतो. स्वल्प ऊन उतरू दे म्हणत होतो. घरात देवक बसलेलं, मांडवात मरणाची गोष्ट कशी काढायची तूच सांग? आपल्या आईबापांनी हेच केलं. माझा सख्खा काका गेला तेव्हा माझ्या अक्षता पडेपर्यंत माझ्या वडिलांनी तोंड उघडलं नव्हतं."

"आणि ती गावी गेली असं का सांगितलंत?"

"मग काय करू? तो मिलिटरीवाला टोपी काढून मांडवात उभा राहिला असता तर? व्याही काय म्हणाले असते? एका दिवसाने काय गेलेला परत येणार होता?" मग त्यांचा आवाज अगदी मऊ झाला. "आणि तिचाही विचार केला गं मी. एक दिवस जास्त सवाष्ण म्हणून वावरली बिचारी. कुंकू लावून मिरवली. ह्यात माझं पाप काय?"

ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. "मग मला पाटावरनं का उठवलासा, अण्णा?" तिने विचारलं.

अण्णांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे मालकीणबाई उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून.

लेक म्हणणारे, एक दिवस जास्त कुंकू देणारे! नवऱ्याच्या मरणाची बातमी त्यांनी तिच्यापासून लपवली, पण हळदीपासून तिला दूर ठेवायला ते विसरले नाहीत. तिच्यासाठी ती सवाष्ण होती आणि त्यांच्या मुलीसाठी विधवा. एवढा चोख व्यवहार मी बाजारातही पाहिलेला नाही. त्या क्षणी मला अण्णांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं, आणि हे मी आज, इतक्या वर्षांनीही, जरासुद्धा कमी करून लिहीत नाही.

ती टेबलापाशी गेली. परातीजवळ उभी राहून एकेक बांगडी काढू लागली. नवीन होत्या, घट्ट होत्या, हाताची चामडी ओढली जात होती. एकही फुटली नाही. शेवटची काढून तिने अक्षतांवर ठेवली आणि विचारलं, "अक्षता नीट पडल्या न्हवं सगळ्या?"

दारातून मालकीणबाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "इथं नको गं काढूस, बाई. पोरीचं कालच लग्न झालंय. तुझ्या खोलीत जा."

त्याच दिवशी मी तिला घेऊन निघाले. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि मोकळी मनगटं पदराखाली धरून राहिली. निपाणीच्या स्टँडवर उतरून दुसरी गाडी धरली, तेव्हा उजाडलं होतं. गावाच्या फाट्यावर अजून कमान उभी होती, झेंडूच्या माळा सुकलेल्या, वर "अमर रहे" लिहिलेलं. अंत्ययात्रेला सगळं गाव आलं होतं, आमदार आला होता, बंदुका झाडल्या होत्या. फाट्यापासून घरापर्यंत चालताना दारादारातल्या बायका आम्हाला बघत होत्या. कुणी पुढे झालं नाही.

नंतरचं आधी सांगून टाकते. त्या ऑगस्टात समाजाच्या मंडळाने मोठा कार्यक्रम केला. तिला आमंत्रण गेलं होतं, ती आली नाही. मग शाल, श्रीफळ आणि फ्रेम केलेलं मानपत्र तिच्या वतीने अण्णांनीच स्वीकारलं, कारण तो जवान त्यांच्या घरात राहिला होता. स्टेजवर त्यांना हुंदका आवरला नाही आणि तो खोटा होता असं मी म्हणणार नाही. माणूस मनापासून रडतो आणि मनापासून हलकट असतो, दोन्ही एकाच धोतरात मावतं. नंतर कुठल्याशा लग्नात भेटले तेव्हा म्हणाले, "तंगी, अजून राग? सरी, असू दे, पण माझ्यामुळे कुणी मेलं नाही एवढं लक्षात ठेव." आजूबाजूच्यांनी त्यांचीच बाजू घेतली. अशी वेळ आली तर आपणही असंच केलं असतं, हे प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं.

तर त्या सकाळी. घराच्या ओट्यावर सासू बसली होती. भिंतीला टेकून, पाय पसरून, डोळे कोरडे. सून समोर येऊन उभी राहिली तरी ती उठली नाही.

"आलीस व्हय?" एवढंच म्हणाली.

मी पुढे झाले. मी कोण ते सांगितलं आणि सगळं सांगितलं: हळद, हवालदार, घरमालकाचं खोटं, हिला काही ठाऊक नव्हतं. मी नीट, सावकाश सांगितलं, मला ते चांगलं येतं, तोच माझा धंदा. सासूने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"आमाला निरोप आला, सून निगालीया. मग आमी वाट बगितली. एकेक यष्टीला माणूस धाडला फाट्यावर. सायेब म्हनत हुतं, आजी, आता झाकू द्या. म्या म्हनलं, न्हाई, तिला बगू द्या. पदरानं माश्या वारत बसले. ऊन उतरलं. दिस बुडाय आला तवा त्यांनी मला बाजूला केलं."

शेजारच्या ओट्यावरून कुणीतरी हळूच पण ऐकू येईल असं म्हणालं, लग्नात जेवत हुती म्हनं. ही बातमी आमच्या आधी तिथं पोचली होती. कोण कुणाला काय सांगतं आणि काय लपवतं, ह्याचं गणित मला आजवर सुटलेलं नाही.

"मला ठावं नव्हतं, आत्याबाई," ती म्हणाली.

"बाईला सांगावं लागतंय व्हय?" सासू म्हणाली. "आतडं पिळवटतंय आपोआप. माजं त्या दिशी सकाळपास्नं पिळवटत हुतं."

ती ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली. आता तिला कुणी उठवलं नाही. गल्लीतल्या बायका एकेक करून आत गेल्या. मग तिने सासूच्या पायाला हात लावून विचारलं, "तोंड कसं हुतं त्यांचं?"

म्हातारीने पाय ओढून घेतला.

"आली असतीस तर दिसलं असतं," ती म्हणाली.